माणूस हवा असल्यास

३ फेब्रुवारी

ती. आत्यास नमस्कार.

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की आमच्या कंपनीने फोन घ्यायला यंत्र बसवलंय आणि त्यात 'कुणा एका बाईचा' आवाज आहे. ती बाई मी आहे. 'कुणा एका' हे शब्द मी विचार करून लिहिले होते, म्हणजे ती चूकही नव्हती, सरळसरळ लपवाछपवी होती. त्यावर तू 'ती बाई नाक मुरडून बोलत असणार' असं कळवलंस, तेव्हापासून मला चैन नाही. मी नाक मुरडलेलं नाही. रेकॉर्डिंगच्या दिवशी मला सर्दी होती.

आता सगळं क्रमाने सांगते, म्हणजे पुन्हा दुरुस्ती करावी लागणार नाही.

शिलाई मशीनच्या या कंपनीत गेली सव्वीस वर्षं फोन घ्यायचं काम बोर्डताई करत होत्या. पूर्वी इथे वायरी खोचायचा बोर्ड होता, त्यावरून त्यांना हे नाव पडलं. बोर्ड गेला, नाव राहिलं. शिंप्यांचे फोन दिवसभर चालू असतात आणि ताई एकट्या, त्यामुळे लाइन सारखी लागलेली. साहेबांनी यंत्र आणायचं ठरवलं आणि त्यात काय बोलायचं ते कुणी लिहायचं असा प्रश्न आला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. या ऑफिसात चिठ्ठीच्या शेवटी पूर्णविराम देणारी मी एकटीच आहे.

मी अकरा पानं लिहिली. तूच शिकवलंयस ना, समोरच्याला प्रश्न पडायच्या आत उत्तर तयार हवं. साहेबांनी पानं हातात घेऊन वजन केल्यासारखी वर-खाली केली आणि परत दिली. शेवटी चार मिनिटं दहा सेकंदांवर आणलं. तरी काही गाळवेना. नवीन मशीनसाठी एक दाबा. दुरुस्तीसाठी दोन दाबा. मशीन चालत नसेल तर एक, चालत असून टाका सुटत असेल तर दोन, टाका सुटत नसून आवाज येत असेल तर तीन. आवाज येत असून तो पहिल्यापासूनच येत होता असं आता लक्षात आलं असेल तर चार. असं करत करत नऊपर्यंत.

प्रत्येक फोन ध्वनिमुद्रित होतो आणि तो ऐकून वहीत नोंद करायची, हेही काम माझ्याकडे आहे. लोक वाट बघताना बोलतात, आत्या. यंत्राला वाटेल ते बोलतात आणि ते सगळं मला ऐकावं लागतं, कारण यंत्र म्हणजे मी. एक लेडीज टेलर म्हणाले, "या बाईला घरात कुणी बोलू देत नसणार, म्हणून इथे उट्टं काढतेय." मी वहीत लिहिलं, 'ग्राहक असमाधानी'. एका बाईंना दुसऱ्या दिवशी चौदा गणवेश द्यायचे होते आणि सुई मशीनमध्ये अडकली होती. त्या जे म्हणाल्या ते इथे लिहीत नाही. 'ग्राहक अत्यंत असमाधानी' असं नोंदवलं.

एका गोष्टीचं मात्र समाधान आहे. साहेबांना यंत्र पूर्ण यंत्रच हवं होतं. मी दोन दिवस त्यांच्या मागे लागून शेवटी माणसाशी बोलायची सोय ठेवायला लावली. ती निवडली की फोन थेट बोर्डताईंच्या टेबलावर वाजतो. एवढं धाडस मी पूर्वी केलं नव्हतं.

आणि पंधरा दिवसांत ती सोय किती जणांनी घेतली असेल? एकानेही नाही. मी यादी तीनदा तपासली. साहेब खूश आहेत. लोकांना माणूस नकोच आहे, असं ते म्हणतात. अठ्ठावीस तारखेला बोर्डताईंची जागा बंद होणार आहे. त्यांच्या घरी त्या एकट्याच कमावत्या आहेत, यजमान अंथरुणाला खिळलेले. त्याच दिवशी माझे सहा महिने पूर्ण होतात आणि मला कायम करतील अशी चिन्हं आहेत.

मला ताईंचं वाईट वाटतं. पण मी सोय ठेवली होती, लोकांनी घेतली नाही. यात माझा दोष नाही, हेही मी तपासलंय.

तुझी,
खोडरबर


९ फेब्रुवारी

चि. खोडरबरास आशीर्वाद.

नाक मुरडण्याबद्दलचे शब्द मागे घेते. तरी सर्दीत रेकॉर्डिंग करायला गेलीस कशाला? वाफ घ्यायची आणि चार दिवस पुढे ढकलायचं. पण तुला दिलेली तारीख मोडवत नाही. हा दोष माझ्याकडूनच आलाय.

पत्र वाचल्यावर मला राहवेना. माझं मशीन तुमच्याच कंपनीचं, तुझ्या जन्माआधीचं. गेली दोन वर्षं ते दर सात-आठ टाक्यांनी 'खट्' करतं. मी त्याला कंटाळून 'खट्या' असं नावही ठेवलं होतं. म्हटलं, भाचीला ऐकू आणि खट्याचंही बघू. शनिवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून फोन लावला.

तुझा आवाज आला. अगदी तू लहानपणी गच्चीत उभी राहून पाठांतर म्हणायचीस तसा, एका दमात. चार मिनिटं ऐकलं. समोरचं माणूस बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही ही आपल्या घरची शिस्त, म्हणून गप्प राहिले. फक्त 'दोन दाबा' म्हणालीस तेव्हा सवयीने 'थांब, आधी सगळं ऐकू दे' म्हटलं. तुझ्या त्या वहीत माझी नोंद सापडेल. काय लिहिलंस ते कळव.

शेवटी माणसाचं आलं. मी पूज्य दाबलं. पहिल्याच घंटेला फोन उचलला गेला आणि पलीकडे कुणी बोलेचना. मग एक बाई हळूच म्हणाल्या, "हॅलो, खरंच कुणी आहे का?" मी म्हटलं, हे मी विचारायचं.

ग्राहक मिळाल्याचा त्यांना इतका आनंद झाला की मला वाटलं, मी लॉटरी होऊनच त्यांच्या दारात उभी आहे. खट्याची तक्रार सांगितली. म्हणाल्या, फोन मशीनजवळ न्या आणि चालवा. वायर पुरेना. शेवटी मशीनच ओढत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आणलं, कमरेत उसण भरली, पण चालवलं. त्यांनी दहा-बारा टाके ऐकले आणि म्हणाल्या, बॉबिन केसचा डावीकडचा स्क्रू ढिला आहे, पाव फेरा आवळा. आवळला. आवाज गेला. दोन वर्षं मी त्या आवाजाला शिव्या घातल्या आणि या बाईंनी तो कानाने पकडला.

मग आम्ही चाळीस मिनिटं बोललो. यंत्र बसल्यापासून आलेला पहिला माणूस मी, असं म्हणाल्या. यजमानांना भरवून येतात, वेळेवर येतात, दिवसभर फोनकडे बघत बसतात. तुझ्या आवाजाबद्दल त्यांनी होऊन सांगितलं, आमच्याच ऑफिसातली मुलगी आहे, गुणी आहे, फार घाबरते. मी तुझी आत्या आहे हे सांगितलं नाही. गुणी म्हटल्यावर उगाच श्रेय घेतल्यासारखं झालं असतं.

खरं सांगू, राग तुझा नाही आला, लोकांचा आला. एक पूज्य दाबायचं, तेवढेही कष्ट नकोत? माणूस हाताशी असून ज्यांना तो घेता येत नाही, त्यांनी यंत्राशीच बोलावं. तू यात मनाला लावून घेऊ नकोस.

आवाज जरा खालच्या पट्टीत ठेव. आणि श्वास घे.

तुझी आत्या


१३ फेब्रुवारी

ती. आत्यास,

तुझं पत्र काल दुपारी डबा खाताना वाचलं. त्यात एक शब्द दोनदा आहे. पहिल्यांदा मी त्यावरून पुढे गेले. दुसऱ्यांदाही गेले. डबा धुताना थांबले आणि डब्याचं झाकण मोरीच्या भोकात गेलं.

पूज्य.

मी ओल्या हाताने आमच्या सुट्या भागांच्या विभागातल्या मुलाकडे गेले. त्याला सगळे स्पेअरपार्टच म्हणतात, वय पंचवीस असेल. त्याला विचारलं, पूज्य म्हणजे किती? तो म्हणाला, "किती म्हणजे? पूज्य म्हणजे कुणीतरी मोठा माणूस. कोण येतंय?"

आत्या, तू पाचातून पाच वजा करायला शिकवलंस तेव्हा खाली पूज्य राहायचं. मी घरी शिकले ते तेवढंच शिकले. बाराव्या वर्षी शाळेत गेले तेव्हा पहिल्याच तासाला मी 'पूज्य' म्हटलं आणि वर्ग हसला. बाई म्हणाल्या होत्या, "बरोबर आहे तिचं, जुना शब्द आहे." मी त्यातलं 'बरोबर आहे' एवढंच ऐकलं. नंतर बोलताना मीही शून्यच म्हणायला लागले, पण मनात पक्कं होतं की शून्य हा घाईघाईतला शब्द, आणि चांगल्या ठिकाणी, लेखी, चारचौघांत पूज्य म्हणायचं. म्हणून कंपनीच्या यंत्रात मी शुद्ध स्वरात, सर्दीसकट, म्हटलंय, 'माणसाशी बोलायचे असल्यास पूज्य दाबा.'

मी धावत जाऊन रेकॉर्डिंग काढली. प्रत्येक फोनचं शेवटचं अर्धं मिनिट मी कधी ऐकलंच नव्हतं. माणूस असमाधानी आहे हे पहिल्या मिनिटात ठरायचं, मग पुढे कशाला ऐका. एकेचाळीस जण, आत्या, एकेचाळीस जण शेवटपर्यंत थांबले होते. चार मिनिटं दहा सेकंद. त्यांना माणूसच हवा होता. एक म्हणतो, "पूज्य काय?" एक म्हातारे शिंपी बायकोला सांगतायत, "अगं, माणसाशी बोलायचं असेल तर पूज्य बाबा म्हणतेय." बायको विचारते, कुठले बाबा? ते म्हणतात, कंपनीचे मालक असतील. एकाने एक ते नऊ सगळी बटणं ओळीने दाबली, दोनदा. शून्य तेवढं सोडलं. चौदा गणवेशवाल्या बाई शेवटी थकून म्हणाल्या, "मी कुणाला पूज्य आहे ते माझं मला माहीत आहे," आणि फोन ठेवला.

मग कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं तू विचारशील. रेकॉर्डिंग करणारा तंत्रज्ञ "पूज्य?" असं म्हणाला होता. मला वाटलं उच्चार आवडला. मी "हो, पूज्य" म्हटलं आणि त्याने अंगठा वर केला. साहेबांना तर वाक्य फार आवडलं होतं. ग्राहकाला पूज्य म्हणून हाक मारलीय, असा त्यांचा समज. म्हणजे 'माणसाशी बोलायचे असल्यास, हे पूज्य, दाबा.' काय दाबा, हे त्यांनी विचारलं नाही. यादी बघताना मीही विचारलं नाही. तुला तर काही वाटायचं कारणच नव्हतं.

आता पुढचं. हे लिहायला मला लाज वाटते.

कालच तीन वाजता साहेबांकडे गेले, सांगायचं म्हणून. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, तुमच्यामुळे काम निम्म्यावर आलं. मला कायम करण्याचं पत्र तयार होतंय. शिवाय सोमवारपासून ते दोन्ही शाखांच्या दौऱ्यावर निघणार आहेत आणि तिथल्या फोनवरही माझाच आवाज बसवणार आहेत. त्यांनी विचारलं, तुमचं काय काम होतं? मी म्हटलं, धन्यवाद म्हणायचं होतं.

तिथून बोर्डताईंच्या खोलीत गेले. टेबलावर झाकलेला पाण्याचा पेला, टोक केलेल्या पाच पेन्सिली आणि कोरी वही. वरच्या पानावर फक्त सात तारीख आणि तुझा खट्या आहे. त्या दुसऱ्या एका वहीत काहीतरी उतरवत होत्या. कोणता आवाज आला की मशीनला काय झालेलं असतं, याची यादी. म्हणाल्या, मी गेल्यावर कुणाला उपयोगी पडली तर पडली. मी सांगायला गेले होते. मी त्यांच्याकडे स्टेपलर मागितला. माझ्याकडे दोन स्टेपलर आहेत.

रेकॉर्डिंग बदलायला साहेबांची सही लागते. त्यांना पत्र लिहून द्यावं म्हणून तीन कच्चे मसुदे केले. पहिल्यात इतकी माफी होती की चूक कुठे आहे ते सापडत नव्हतं. दुसऱ्यात पूज्य या शब्दाचा इतिहास झाला. तिसऱ्यात सगळा दोष तुझ्यावर गेला, तो फाडला. तुकडे तुकडे केले आणि दोन वेगवेगळ्या टोपल्यांत टाकले.

मी काय करू, ते सांग. सांगताना एवढं धर की मी भित्री आहे. म्हणजे उत्तर त्या हिशोबाने दे.

खोडरबर


१७ फेब्रुवारी

चि. खोडरबरास,

पूज्य चूक नाही. हे आधी लिहून ठेवते. माझ्या वडिलांनी मला शिकवला, मी तुला शिकवला. अख्ख्या गावाला कळत नसला म्हणून शब्द खोटा होत नाही.

हे लिहिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन अर्धा तास भांडी घासली. घासलेलीच परत घासली. आता पुढचं लिहिते.

तो तिसरा मसुदा फाडायला नको होता. दोष माझा आहेच, आणि तुला वाटतं त्याहून मोठा आहे. तुझे बाबा धरणांच्या कामावर, दर सहा महिन्यांनी बिऱ्हाड हलायचं, म्हणून तू माझ्याकडे राहिलीस आणि घरी शिकलीस. तुला हे एवढंच माहीत आहे. पण तुझ्या दहाव्या वर्षी बाबाला कायमची जागा मिळाली होती. तो म्हणाला, आता पोरीला शाळेत घालू. मी त्याला कळवलं की अपूर्णांक राहिलेत, ते झाले की पाठवते.

अपूर्णांक झाले होते. तुला दशांशसुद्धा येत होते.

तू गेलीस की घरात कुणी बोलायला उरणार नव्हतं, एवढंच होतं. म्हणून पुन्हा पहिल्यापासून घेतले, अर्धा, पाव, पाऊण. दोन वर्षं घेतले. तू दहाव्या वर्षी शाळेत गेली असतीस तर चार मुलींत मिसळली असतीस, शून्याला शून्य म्हणायला शिकली असतीस आणि एकदा हसल्या त्या मुली तुझ्या जन्मभर लक्षात राहिल्या नसत्या. हे तुला सांगायचं मी दर वर्षी ठरवते. आधी वाटलं, ती लहान आहे. मग वाटलं, आता परीक्षा आहे. मग नोकरी लागली, म्हटलं स्थिर होऊ दे. अशी बारा वर्षं गेली. सांगायला योग्य दिवस कधी आला नाही, आणि आज काही विशेष योग्य दिवस आहे असंही नाही. मंगळवार आहे, नळ गळतोय.

तेव्हा तुझ्या भित्रेपणाच्या हिशोबाने उत्तर देण्याची लायकी माझ्यात पुरेपूर आहे. उत्तर असं, की तू वाट बघितलीस तर सोपं होत नाही. माझं बघून झालंय.

काल एक आगाऊपणा केला. तुमच्या साहेबांनाच सांगावं, चूक माझी, मुलीला बोल लावू नका, म्हणून फोन लावला. तुझी चार मिनिटं ऐकली. त्यात साहेबांसाठी कोणतंच बटण नाही. पुन्हा बाईंकडेच गेले. त्या खूश झाल्या, म्हणाल्या, स्क्रू परत ढिला झाला का? मी म्हटलं, नाही, सहज. साहेब दौऱ्यावर गेलेत असं कळलं. पूज्यचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण गिळलं. ते तू सांगायचंस. तेही आधी त्यांना, मग साहेबांना. ज्याचं नुकसान झालंय त्याने ते दुसऱ्याकडून ऐकू नये.

माझ्यावर रागावली असशील तर तसं लिही. मोकळेपणाने लिही, मी शुद्धलेखन तपासणार नाही.

आत्या


२२ फेब्रुवारी

ती. आत्यास,

शुक्रवारी सकाळी पत्र मिळालं. अपूर्णांकांचं आधी लिहिते, नाहीतर ते मागे राहील. दुसऱ्यांदा शिकवायला घेतलेस तेव्हा मला वाटलं होतं की मी मठ्ठ आहे, आणि तू ते बोलून दाखवत नाहीस हा तुझा चांगुलपणा. मी मुद्दाम एखादं गणित चुकवायचे, तुला शिकवायला काहीतरी राहावं म्हणून. म्हणजे दोघींनी मिळून ते दोन वर्षं पुरवले. मी रागावलेली नाही. नीट सांगायचं तर रागावले होते, शुक्रवारी दुपारी दोनपर्यंत. मग बोर्डताईंकडे गेले, आणि तिथे दुसऱ्याच्या रागाची पाळी होती.

दार लावून घेतलं. यावेळी काही मागितलं नाही. म्हटलं, "ताई, लोकांना तुम्ही नकोत असं नाही. लोकांना पूज्य म्हणजे काय ते माहीत नाही."

त्या म्हणाल्या, "न कळायला काय झालं? पूज्य म्हणजे शून्य."

मी म्हटलं, ते तुम्हाला, मला आणि माझ्या आत्याला. मग ती एकेचाळीस माणसं सांगितली. पूज्य बाबांचं सांगितलं. खट्यावाल्या बाई तुम्हाला कशा पोचल्या तेही सांगितलं. मला वाटलं होतं त्या बाबांवर हसतील. त्या हसल्या नाहीत. पेल्यावरचं झाकण काढलं, पुन्हा ठेवलं.

"मी रोज सकाळी शिपायाच्या टेबलावरून माझाच नंबर लावून बघायचे," त्या म्हणाल्या. "वाजतो का ते बघायला. वाजायचा. मग वाटायचं, फोन धड आहे, म्हणजे मीच संपले."

मग त्यांनी विचारलं, तुला हे कधी कळलं? मी म्हटलं, बारा तारखेला. खोटं बोलता आलं असतं, आज सकाळी म्हणता आलं असतं. ते वाक्य तोंडात तयारही झालं होतं.

"आज वीस आहे," त्या म्हणाल्या. "या आठ दिवसांत मी यजमानांना सांगितलं की माझी नोकरी सुटतेय. ते बोलू शकत नाहीत. नुसते डोळे मिटून पडून राहिले दिवसभर. आणि तू स्टेपलर घेऊन गेलीस."

आत्या, यंत्राला लोक जे जे बोलले ते सगळं मी ऐकलं आणि नोंदवलं. हे नोंदवायला माझ्याकडे रकाना नव्हता.

मी विचारलं, तुम्ही साहेबांना सांगता का, तुमचं ते ऐकतील. तेवढ्यातही मी माझी सुटका शोधत होते. त्या म्हणाल्या, मी सांगितलं तर म्हातारी खुर्ची वाचवायला काहीतरी काढतेय म्हणतील. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "साहेबांना सांगणार आहेस, की मला सांगून मोकळी होणार आहेस?"

मी सांगणार म्हटलं. काल शनिवारी सांगायलाच बसले. साहेब ज्या शाखेत आहेत तिथे फोन लावला. माझाच आवाज आला. मी माझी चार मिनिटं दहा सेकंद ऐकली आणि पूज्य दाबलं. फोन वाजतच राहिला. त्या शाखेत माणसाच्या टेबलाला अजून वायर जोडलेली नाही. पुन्हा लावला. दुसऱ्या वेळी मी स्वतःलाच म्हणाले, अगं बाई, आटप. आता त्या शाखेच्या वहीत कुणीतरी मला असमाधानी म्हणून लिहील, आणि ते बरोबर असेल.

इथे आणखी एक दुरुस्ती. वरचा परिच्छेद वाचून तुला वाटेल की यंत्रामुळे माझं राहिलं. साहेबांचा मोबाइल नंबर माझ्याकडे आहे. हे वाक्य मी आधी लिहिलंच नव्हतं, पत्र घडी घालताना उलगडून लिहितेय. तिसरा फोन मी मोबाइलवर केला आणि साहेबांनी स्वतः उचलला. मागे ठोकाठोक चालू होती. ते म्हणाले, "बोला, तातडीचं आहे का?"

मी म्हटलं, "नाही."

हे असं आहे. बटण दाबून माणूस मिळावा म्हणून मी दोन दिवस भांडले, तसा एक माणूस समोर मिळाला आणि मी 'नाही' म्हणून ठेवून दिला. ते म्हणाले, मग गुरुवारी सकाळी आलो की बोलू.

आज सकाळी ताईंच्या घरी जाऊन हे झालेलं सांगितलं, 'नाही'सकट. त्यांनी आत बोलावलं नाही, पण दारही लावलं नाही. उंबऱ्यात उभं राहूनच म्हणाल्या की साहेब आल्यावर साडेदहाला सह्यांना बसतात, त्यात त्यांची जागा बंद करायचा कागद आहे आणि बहुतेक त्याच फायलीत माझं कायमचं पत्र. म्हणजे साडेदहाच्या आत. आणि म्हणाल्या, फार समजावत बसू नकोस, तुझं पहिल्या मिनिटाच्या पुढे कुणी ऐकत नाही.

म्हणून चौथा मसुदा केलाय. चार वाक्यं आहेत. आवाज माझा, शब्द माझा, आणि तो शब्द लोकांना कळला नाही. एकेचाळीस जणांना बोर्डताई हव्या होत्या. मला हे बारा तारखेला कळलं आणि मी सांगितलं नाही. शून्य म्हणून पुन्हा रेकॉर्ड करा, दुसऱ्या कुणाचाही आवाज घ्या, पण महिनाभर तो फोन वाजू द्या आणि मग कागदावर सही करा. मोजलं, चाळीस सेकंद होतात. पाठ केलंय. त्यानंतर मला कायम करतील असं वाटत नाही. रात्रीच्या गाडीने तुझ्याकडे यायची वेळ आली तर खट्या दारातून बाजूला कर.

'येत्या आठवड्यात' असं लिहिलं होतं. मग 'साहेब आल्यावर' असं केलं. दोन्ही खोडलं, कारण दोन्हींत मला पळायला जागा होती. साहेब नऊ पंचविसाला येतात आणि पाच मिनिटं चष्मा पुसतात. मी सांगणार आहे ते गुरुवारी, सव्वीस फेब्रुवारीला, सकाळी साडेनऊ वाजता.